आजोबांची सलामीची तोफ: परवाना लागतो का, परदेशात नेता येते का?

तुम्ही लिहिता: रत्नागिरीच्या घरात 14 इंची पंचरशी (पाच धातूंच्या मिश्रणाची) तोफ आहे, ब्रिटिश काळात बंदरावर इशाऱ्याचे बार काढायला वापरलेली. कान, म्हणजे बत्ती द्यायचं छिद्र, मोकळा आहे. लंडनचा भाऊ ती नेऊ म्हणतो, पुतण्यांना गणपतीत बार काढायचाय.

ती परदेशात नेता येणार नाही. 100 वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला. शिक्षा 6 महिने ते 3 वर्षे कैद, शिवाय दंड. 'पितळी शोभेची वस्तू' असं लिहून पाठवायचा विचारही नको. विकायची झाली तर घेणाऱ्या व्यापाऱ्याचा पुरावशेष परवाना आधी पाहा.

खरी अडचण शस्त्र कायद्याची आहे. 'जुनी आहे म्हणजे सूट' हा समज अर्धवट आहे. 1959 च्या कायद्यातल्या कलम 45 ची सूट जुन्या घाटाच्या शस्त्राला मिळते खरी, पण ते दुरुस्त करूनही उडणार नाही, अशी अट आहे. लोखंडी तोफ गंजून निकामी होऊ शकते. पंचरशी तशी गंजत नाही, म्हणून कान मोकळा असलेली तुमची तोफ दीडशे वर्षांनीही बार काढू शकते. मग पोलीस तिला तोफखान्यात, म्हणजे प्रतिबंधित शस्त्रांत धरू शकतात. तिथे 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा 7 ते 14 वर्षे आहे. एवढ्याशा तोफेला तोफखाना म्हणणं मला ताणलेलं वाटतं, पण तो वाद जामीन मिळाल्यावर घालायचा असतो. बार काढलात तर बचावाचा मुद्दा तुम्हीच उडवून द्याल. आणि जुन्या ओतकामातली पोकळी वरून दिसत नाही; फुटली तर तुकडे अंगावर येतात.

आधी ती भरलेली नाही ना, ते बघा. तोंडासमोर उभं न राहता लाकडी काठी हलकेच आत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेरून कानापर्यंतची लांबी मोजा. काठी दोन-तीन इंच आधीच अडली तर आत जुनी दारू असू शकते. ती वाळली की पेटते. खरवडू नका, पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला बोलवा.

रिकामी निघाली तर तोंडाचा व्यास, वजन, खुणा आणि पट्टी ठेवून काढलेले फोटो जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या: कलम 45 ची सूट लागू होते का, ते लेखी कळवावे. पोच घ्या. ती पुरावशेष आहे का आणि नोंदणी लागते का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला वेगळ्या अर्जाने विचारा. उत्तर येईपर्यंत कान बुजवू नका, भोक पाडू नका, चिंचेने घासूही नका.