गिअरबॉक्सच्या जुन्या ऑइल सीलवरचा नंबर पुसला गेलाय, नवीन सीलची साइज कशी काढायची?

जुनं सील मोजून साइज काढू नका, निम्मी गडबड तिथेच होते. सीलची लिप (शाफ्टला घासणारी रबरी कड) मोकळी असताना शाफ्टपेक्षा साधारण एक-दीड मिलिमीटरने लहान असते, आणि वापरलेली लिप तर कडक होऊन पसरलेली असते. म्हणून व्हर्नियर (माप घ्यायचं कॅलिपर) शाफ्टला लावा, तेही लिप घासते तिथे नाही तर शेजारच्या न झिजलेल्या भागावर. मग हाउसिंगच्या बोअरचा, म्हणजे सील बसतं त्या भोकाचा, आतला व्यास आणि खोली घ्या.

दुकानात याच क्रमाने सांगायचं: शाफ्ट, बोअर, जाडी. उदाहरणार्थ ३५×५२×७. खोलीत जागा असेल तर ७ ऐवजी ८ चालतं, पण पहिल्या दोन आकड्यांत तडजोड नाही. माप ३४.९ किंवा ३८.१ असं विचित्र आलं तर? पहिलं बहुधा ३५ आहे, पण १ ३/८ इंचही ३४.९ च येतं; दुसरं बहुधा दीड इंच आहे, सील इंची साइजचं मागा.

शाफ्टवर नखाला लागेल अशी चरी पडली असेल तर बरोबर साइजचं सीलसुद्धा गळणार. अशा वेळी सील दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवून लिप कोऱ्या जागी आणा, नाहीतर शाफ्टवर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवा.

धूळ असेल तर डबल लिप घ्या. साधं नायट्राइल रबर १०० अंशांपर्यंत ठीक, त्याहून गरम तेलाला व्हायटॉन (जास्त उष्णता सोसणारं रबर). बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, आणि लिपला आधी तेल लावा.