रविवारचा विश्वास सोमवारी कसा न्यायचा?

जय ख्रिस्त, ताई. "विश्वास चर्चच्या दारातच राहतो" म्हणालात, माझंही बरीच वर्षं तेच होतं. सध्या दोनच गोष्टी धरा.

१. मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनाचं एक पुस्तक. १६ अध्याय, रोज एक. प्रकटीकरणाला, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला, इतक्यात हात नको.

२. वाचलेलं रस्त्यावर नेऊन बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २० व्या अध्यायातल्या गोष्टीत, द्राक्षमळ्याचा मालक दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पूर्ण मजुरी देतो. ते वाचून मी मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून गेलो. सकाळचे दहा वाजून गेलेले, तरी थापी-घमेली पायाशी ठेवून चौघं उभेच. एरवी मी त्यांना रिकामटेकडे म्हटलं असतं. 'आम्हाला कोणी कामावर लावलं नाही' हे त्या गोष्टीतल्या मजुरांचं उत्तर तेव्हा कानात वाजलं.

चुका? प्रत्येक बातमीला बायबलचं वचन चिकटवणं, ही सगळ्यांत मोठी. दुसरी म्हणजे आधी इतरांना सुधारायला निघणं. (मी नव्या उत्साहात शेजारच्या काकूंचा दिवाळीचा फराळ परत पाठवला होता. त्या वर्षभर बोलल्या नाहीत, आणि बरोबरच होतं त्यांचं.)

पंथांचे वाद, मूळ ग्रीक शब्द वगैरे पुढे बघू. अडलंच तर पाळकसाहेबांना गाठा, पण रविवारी उपासना संपल्या संपल्या नको. तेव्हा त्यांना दहा जण घेरून असतात.