कीबोर्ड आत्ता कोणत्या भाषेत आहे?

प्रश्न : मी कऱ्हाडची निवृत्त शिक्षिका. काचबिंदूने दृष्टी गेल्यावर मुलाने लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) घालून दिला. इंग्रजी टायपिंग हातात होतंच, आता मराठीही शिकतेय. पण लिहिता लिहिता कीबोर्ड मध्येच आपोआप इंग्रजी होतो, आणि मराठी असताना बँकेचा पासवर्ड चुकतो. सून म्हणते, "कोपऱ्यात लिहिलेलं असतं ना, बघा की." मी काय बघू?

उत्तर : ताई, तो कोपरा मीही कधी पाहिलेला नाही. जन्मापासून दिसत नाही आणि कॉम्प्युटर शिकवण्यावर पोट आहे, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. येणारा प्रत्येक जण 'आपोआप' हाच शब्द वापरतो.

आपोआप काही होत नाही. डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं की विंडोज भाषा बदलतं. दिसणाऱ्यापेक्षा आपण ऑल्ट आणि शिफ्ट कितीतरी जास्त वापरतो, म्हणून हा अपघात आपल्याकडेच जास्त. एनव्हीडीए बदललेली भाषा बोलून दाखवतं, पण त्याच वेळी ते दुसरं काही वाचत असेल तर ते दोन शब्द निसटतात.

विंडोज आणि स्पेस ही जोडी सगळे शिकवतात. मला ती पुरेशी वाटत नाही. ती फक्त 'पुढची भाषा' देते. आत्ता कुठे आहोत हे माहीत नसेल तर पुढची कोणती, हे तरी कसं कळणार? त्यात लॅपटॉपवर बहुधा इंग्रजी इंडिया, इंग्रजी युनायटेड स्टेट्स आणि मराठी असे तीन कीबोर्ड बसलेले असतात. जास्तीचं इंग्रजी आधी मुलाकडून काढून टाका.

मग प्रत्येक भाषेला स्वतःची कळ द्या. विंडोज आणि आय दाबून सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ मध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. (विंडोज १० मध्ये टायपिंग हे डिव्हायसेसखाली सापडेल.) तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज आहे. यादीत पहिली ओळ दोन भाषांमध्ये आलटून पालटून जाण्याची. ती निवडून चेंज की सीक्वेन्समध्ये 'नॉट असाइन्ड' करा, म्हणजे तुमचं ते 'आपोआप' थांबेल. खाली इंग्रजीची ओळ येईल, तिला डावं ऑल्ट, शिफ्ट आणि १ द्या. मराठीला डावं ऑल्ट, शिफ्ट आणि २. शेवटी ओके दाबायला विसरू नका. आता तुम्ही कुठेही असा, १ म्हणजे इंग्रजीच. आधीच इंग्रजी असलं तरी बिघडत नाही, पुन्हा दाबायचं. पासवर्डच्या चौकटीत शिरलात की पहिलं काम हेच, कारण तिथे प्रत्येक अक्षराला एनव्हीडीए नुसतं 'स्टार' म्हणतं. चूक ऐकूच येत नाही, आणि बँका काही चुकांनंतर खातं अडवतात.

त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड ठेवण्याची एक चौकट आहे. काही लोक तिचं फार कौतुक करतात. माझं मत, तिला हात लावू नका. वर्डमध्ये मराठी, मेलमध्ये इंग्रजी हे डोक्यात कोण सांभाळणार?

एनव्हीडीएची कळ (इन्सर्ट) धरून आकडा २ दाबलात की टाइप केलेलं अक्षर बोललं जाणं चालू किंवा बंद होतं. ते चालू ठेवा. भाषा चुकली तर पहिल्याच अक्षराला कळेल. मात्र आवाज मराठी हवा. बरेचसे इंग्रजी आवाज देवनागरी आली की गप्प बसतात, आणि माणसाला वाटतं टाइपच झालं नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजात मराठी आहे. उच्चार रुक्ष आहेत, पण मध्ये आलेला इंग्रजी शब्दही तो वाचतो.

कोणता मराठी कीबोर्ड बसवलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. फोनेटिक असेल तर बदला आणि इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाणित कीबोर्ड, घ्या. रोमनमध्ये लिहा, सुचवलेले शब्द ऐका, त्यातून निवडा, या फोनेटिकच्या पद्धतीत वाक्य हरवतं. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. एफ आणि जे वरचे उंचवटे तुम्हाला पाठ असतीलच, तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि र बसतात. तुमच्या गावाचं नाव घ्या. के, शिफ्ट धरून जे, डी, यू, ई आणि पी च्या उजवीकडची कळ. कऱ्हाड झालं, तेही योग्य ऱ सकट, काहीही न निवडता. पहिले काही आठवडे हात अडखळतील. इंग्रजी टायपिंग शिकतानाही अडखळलेच असतील.

प्रश्न : ऑफिसमधल्या जुन्या मराठी फाइली स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांच्या गोंधळासारख्या वाचतो. माझा कीबोर्ड चुकीच्या भाषेत आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. कीबोर्डचा वाचण्याशी संबंध नाही. त्या फाइली युनिकोडपूर्वीच्या (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला स्वतःचा कोड) फॉन्टमधल्या असणार. आत साठवलेले कोड इंग्रजी वगैरे अक्षरांचे, आणि त्यांच्यावर देवनागरीचं फक्त चित्र. दिसणाऱ्याला मराठी दिसतं, स्क्रीन रीडर आतलं वाचतो. फॉन्टचं नाव विचारून घ्या आणि त्याच फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. नंतर जोडाक्षरं आणि रफार मात्र एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या.