वाचक विचारतात : शेजारच्या सीटवरचे तास कुणाचे?

प्रश्न : मी सांगलीचा, सध्या ॲरिझोनात ट्रेनिंग चालू आहे, एफएएचं (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) प्रायव्हेट लायसन्स झालंय. इथे सगळे टाइम बिल्डिंग (लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे तास जमवणं) जोडीने करतात, म्हणजे एकाने हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायचा आडोसा) लावून फक्त इन्स्ट्रुमेंट्स बघत उडवायचं, दुसऱ्याने सेफ्टी पायलट म्हणून शेजारी बसून बाहेर बघायचं, भाडं निम्मं निम्मं आणि पीआयसीचे (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचा कॅप्टन) तास दोघांच्याही लॉगबुकात. मला परत येऊन डीजीसीएचं (आपल्याकडची विमान वाहतूक नियामक संस्था) सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, घ्यायचंय. विमान एन रजिस्टर्ड, म्हणजे अमेरिकेत नोंदलेलं, आपल्या हिशोबाने परदेशी, तर हे तास कापतील का? बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, एका विमानाला एकाच वेळी दोन कॅप्टन कसे काय?

उत्तर : बाबांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. विमानावर एन लिहिलंय की भारताचं व्हीटी, ती काळजी सोड, आपली कितीतरी पोरं अमेरिकेत एन रजिस्टर्ड सेसनावर तास करून येतात आणि इथे लायसन्स घेतात. घोळ आहे तो पीआयसीच्या कॉलममध्ये.

आधी अमेरिकेचं बघू. तिकडे पीआयसी असणं वेगळं आणि पीआयसी लॉग करणं वेगळं, आणि हे पचायला जरा वेळ लागतो. एफएएचा ९१.१०९ नियम सांगतो की कुणी हूड लावून उडवत असेल तर दुसऱ्या कंट्रोल सीटवर सेफ्टी पायलट पाहिजेच, त्याच्याकडे निदान प्रायव्हेट लायसन्स आणि त्या विमानाच्या कॅटेगरी क्लासचं रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) हवं, त्याला समोरचं आणि दोन्ही बाजूंचं नीट दिसायला हवं, आणि विमानाला ड्युअल कंट्रोल्स हवेत. म्हणजे एरवी एका पायलटवर चालणारं सेसना १७२ तेवढ्या वेळापुरतं दोन पायलटचं विमान होतं. मग ६१.५१ नियम म्हणतो की ज्याच्या हातात कंट्रोल्स आहेत आणि ज्याला त्या विमानाचं रेटिंग आहे तो पीआयसी लिहू शकतो, आणि ज्या फ्लाइटला नियमानेच एकापेक्षा जास्त पायलट लागतात तिथे जो खरोखर कमांडमध्ये आहे तोही पीआयसी लिहू शकतो. उडायच्या आधी दोघांनी ठरवायचं की कमांड सेफ्टी पायलटची, झालं, दोघांचा पीआयसी. तसं ठरलं नसेल तर सेफ्टी पायलटने एसआयसी (सेकंड इन कमांड, म्हणजे को पायलट) लिहायचं. यात चोरी काही नाही, तिकडच्या कायद्यात बसतं.

पण लिहिताना लोक जे हात मोकळे सोडतात ते बसत नाही. समज हॉब्स मीटरवर (विमानातलं तास मोजणारं मीटर) १.६ तास झाले आणि त्यातला हूडचा वेळ १.२. उडवणाऱ्याने पीआयसी १.६, सिम्युलेटेड इन्स्ट्रुमेंट (हूडखालचा वेळ) १.२ आणि रिमार्क्समध्ये सेफ्टी पायलटचं नाव, हे नाव नियमाने लागतंच. सेफ्टी पायलटला मिळतात फक्त १.२, कारण टॅक्सी, टेकऑफ आणि लँडिंगला त्याची गरज नव्हती. त्याच कारणाने त्याला क्रॉस कंट्रीचे (एका विमानतळावरून दुसऱ्या दूरच्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाचे) तास शून्य, एफएएच्या कायदेशीर विभागाने २००९ मध्ये हे लेखी सांगून ठेवलंय, आणि लँडिंगही शून्य, कारण ते त्याने केलंच नाही. दोन लॉगबुकं शेजारी ठेवली आणि दोन्हीत १.६, दोन्हीत क्रॉस कंट्री, दोन्हीत तेच लँडिंग दिसलं की कुठलाही शहाणा माणूस पुढची पानं संशयानेच उलटणार.

आता आपल्याकडचं. भारताच्या नियमात पीआयसीची व्याख्या सरळ आहे, ऑपरेटरने किंवा मालकाने ज्याला कमांड दिली आणि सुरक्षित उड्डाणाची जबाबदारी ज्याच्यावर टाकली तो, एकच माणूस. सीपीएलला एकूण २०० तास लागतात, त्यात १०० पीआयसी, २० तास पीआयसी म्हणून क्रॉस कंट्री आणि त्यातली एक ३०० नॉटिकल माइलची, १० तास इन्स्ट्रुमेंट ज्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त ५, आणि रात्रीचे ५. या १०० मध्ये तुझा शेजारच्या सीटवरचा एकही तास धरू नकोस, धरायचा विचारही नको.

आणि इथेच एक मेख आहे जी तुमच्या जोड्यांपैकी कुणाच्या लक्षात येत नाही. सेफ्टी पायलटला पीआयसी लिहिता यावा म्हणून तुम्ही ठरवता की कमांड त्याची. ठीक. पण मग आपल्या व्याख्येने पीआयसी तो, तू नाहीस, कंट्रोल्स तुझ्या हातात असले तरी! म्हणजे त्याला अमेरिकेत एक तास मिळावा म्हणून तू तुझा भारतातला तास धोक्यात घातलास, आणि पुढच्या फ्लाइटला त्याने तुझ्यासाठी तेच केलं. निम्म्या भाड्याच्या नादात दोघंही गोत्यात. म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याला भारतात यायचंय त्याने १०० तास सोलो किंवा स्वतः कमांड घेऊनच करावेत, ३०० माइलवाली क्रॉस कंट्री तर एकट्यानेच, आणि इन्स्ट्रुमेंटचे तास इन्स्ट्रक्टरबरोबर त्याच्या सहीने. सेफ्टी पायलट म्हणून बसायचं तर जरूर बस, ट्रॅफिक बघायची सवय लागते, रेडिओ कानात मुरतो, पण ते तास एसआयसी म्हणून वेगळे लिही आणि भारतासाठी बेरीज करताना बाजूला ठेव. जोडीदारालाही पहिल्याच दिवशी सांगून टाक, नंतर तोंड वाकडं व्हायला नको.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, सिअ‍ॅटलला नोकरी करते, एफएएचं प्रायव्हेट आहे, सिंगल इंजिन लँड (जमिनीवर उतरणारी एका इंजिनाची विमानं). व्हँकुव्हरचा एक मित्र त्याचं कॅनडात रजिस्टर झालेलं सेसना घेऊन इकडे येतो आणि त्याला हूडची प्रॅक्टिस करायची असते. मी सेफ्टी पायलट म्हणून बसू शकते का, तास लिहू शकते का, आणि परत जाताना त्याच्याबरोबर व्हँकुव्हरपर्यंत गेले तर?

उत्तर : अमेरिकेच्या हद्दीत बसू शकता. एफएएच्या ६१.३ नियमात परदेशी रजिस्ट्रेशनच्या विमानाबद्दल वेगळं कलमच आहे, अमेरिकेत अशा विमानावर आवश्यक पायलट म्हणून बसायचं तर लायसन्स एकतर एफएएचं हवं किंवा ज्या देशाचं विमान त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं हवं, आणि ते अंगावर हवं, घरी कपाटात नाही. तुमच्याकडे एफएएचं आहे, त्याच्याकडे कॅनडाचं, दोघंही बसता. सेफ्टी पायलटची सक्ती करणारा नियमही नुसता एन रजिस्टर्डपुरता नाही, अमेरिकेत उडणाऱ्या कुठल्याही नागरी विमानाला लागतो, आणि तास लिहायच्या नियमात विमान अमेरिकनच हवं असं कुठे म्हटलेलं नाही. तेव्हा हूडच्या वेळेपुरते तास लिहा. तुम्ही आवश्यक क्रू असल्यामुळे तुमचं मेडिकल सर्टिफिकेट चालू हवं, हे लोक हमखास विसरतात.

पीआयसी की एसआयसी म्हणाल तर मी एसआयसी लिहीन. कमांड घ्यायची म्हणजे तुमचा फ्लाइट रिव्ह्यू (ठरावीक काळाने इन्स्ट्रक्टरबरोबर होणारी तपासणी) चालू हवा, विमान कॉम्प्लेक्स किंवा हाय परफॉर्मन्स असेल तर ती एंडोर्समेंट (लॉगबुकातली इन्स्ट्रक्टरची परवानगीची सही) हवी, आणि मुख्य म्हणजे मित्राच्या इन्शुरन्समध्ये तुम्ही बसायला हव्यात. दुसऱ्याच्या विमानावर, दुसऱ्याच्या पॉलिसीवर, एका आकड्यासाठी कमांड कशाला अंगावर घ्यायची?

बॉर्डर ओलांडली की चित्र बदलतं. शिकागो कन्व्हेन्शनच्या (विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार) ३२ व्या कलमाने देशाबाहेर जाणाऱ्या विमानाच्या पायलटचं लायसन्स विमान जिथे रजिस्टर झालंय त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लागतं. एफएएच्या कागदावर कॅनडाच्या विमानात, कॅनडाच्या आकाशात तुम्ही क्रू नाही, पॅसेंजर आहात. मित्राने बॉर्डरच्या आधीच हूड काढायचा, आणि तुम्ही ती वेळ घड्याळात बघून तिथेच लिहून ठेवायची, संध्याकाळी अंदाजाने नाही. हे जाणं येणं नेहमीचं होणार असेल तर कॅनडाचंही लायसन्स करून घ्या, दोन्ही देशांत लायसन्स कन्व्हर्ट करायचा करार आहे, सगळं ट्रेनिंग पहिल्यापासून करावं लागत नाही.

प्रश्न : माझ्या भाच्याकडे डीजीसीएचं सीपीएल आहे, नोकरी अजून नाही. टेक्ससला चुलतभावाकडे चाललाय आणि तो भाऊ म्हणतोय की माझ्या विमानात सेफ्टी पायलट बस, फुकटात तास होतील. चालेल का? (ठाणे)

उत्तर : नुसत्या भारतीय लायसन्सवर नाही चालणार, काका. एन रजिस्टर्ड विमानावर अमेरिकेत आवश्यक पायलट म्हणून बसायचं तर एफएएचं सर्टिफिकेटच लागतं, परदेशी लायसन्स चालतं ते विमान त्या परक्या देशात उडत असेल तेव्हाच. पण रस्ता आहे. ६१.७५ नियमाखाली भारतीय लायसन्सच्या आधारावर एफएएचं प्रायव्हेट सर्टिफिकेट मिळतं, त्यासाठी डीजीसीएकडून लायसन्सची खातरजमा व्हावी लागते आणि त्यात वेळ जातो, म्हणून तिकिटं काढायच्या आधी अर्ज टाकायला सांगा. सर्टिफिकेट हातात येईपर्यंत भाच्याने मागच्या सीटवर बसून टेक्सस बघावं.

तास फुकटात होतील म्हणाल तर होतील, पण इकडच्या नोकरीसाठी त्यांची किंमत फार धरू नका. आंतरराष्ट्रीय नियमातसुद्धा, एका पायलटच्या विमानावर देशाच्या नियमामुळे को पायलट बसवावा लागला तर वरच्या लायसन्ससाठी त्याचे निम्म्यापेक्षा जास्त तास धरत नाहीत, तेही एकूण तासांत, पीआयसीमध्ये नाही. भाऊ एवढा दिलदार असेल तर सर्टिफिकेट आल्यावर त्याच्याकडे विमानच मागावं, इन्शुरन्समध्ये नाव घालून घ्यावं आणि पेट्रोलचे पैसे आपण द्यावेत.