आवडलं, पण कुठे?

प्रिय मैत्रिणी,

तुझं दोन पानी टिपण मिळालं. सहामाही तोंडावर असताना ड्रॅगनचं ते जाडजूड पुस्तक तू संपवलंस, हे तुझ्या आईला मी सांगणार नाही. (तिला ठाऊक असणारच, पण माझ्याकडून कळणार नाही.) टिपणात ‘थरारक’ आहे, ‘खिळवून ठेवणारं’ आहे, ‘हातातून खाली ठेववत नाही’ आहे आणि शेवटी ‘प्रत्येकाने वाचायलाच हवं’ आहे. हे सगळं त्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरही छापलेलं आहे. तिथे ते पुस्तक खपावं म्हणून लिहिलेलं असतं. तुला कुठे पुस्तक खपवायचंय?

पण दुसऱ्या पानाच्या समासात, पेन्सिलीने, तू एक ओळ लिहून अर्धवट खोडली आहेस. ‘ड्रॅगन मेल्यावर तो मुलगा लगेच जेवायला बसतो. मला राग आला.’ अख्ख्या टिपणात तुझी म्हणावी अशी एवढी एकच ओळ, आणि नेमकी तीच खोडलीस! का गं? राग आला असं लिहिलं तर पुस्तक आवडलं नाही असं होईल, ही भीती वाटली का? आवडलेल्या पुस्तकाचाच असा राग येतो. न आवडलेल्या पुस्तकातला ड्रॅगन मेला काय आणि जगला काय, आपण पान उलटून मोकळे होतो.

त्या ओळीपासून पुन्हा सुरुवात कर. राग नक्की कशाचा आला? दोनशे पानं तो मुलगा त्या ड्रॅगनच्या पाठीवर बसून हिंडला, त्याला नाव दिलं, त्याच्या पंखाखाली झोपला, आणि लेखकाने त्याला रडायला एक परिच्छेदसुद्धा दिला नाही, याचा? की तो मुलगा खरंच तसा कोरडा आहे, आणि ते आपल्याला इतक्या उशिरा कळलं, याचा? ही दोन कारणं अगदी वेगळी आहेत. पहिलं खरं असेल तर लेखक घाईत होता. दुसरं खरं असेल तर लेखक हुशार निघाला आणि त्याने तुला बरोबर पकडलं. कुठलं खरं, ते मागची पन्नास पानं पुन्हा चाळल्याशिवाय ठरणार नाही. ते चाळणं आणि ठरवणं म्हणजेच मत देणं. ‘थरारक’ लिहायला पुस्तक उघडावंही लागत नाही.

तुझ्याहून लहान असलेल्या एका मुलाचं सांगते. १९३६ साली लंडनमध्ये स्टॅन्ली अन्विन नावाचे प्रकाशक होते. मुलांची पुस्तकं मुलांनीच पारखावीत असं त्यांचं मत. म्हणून त्यांचा दहा वर्षांचा मुलगा रेनर ती हस्तलिखितं वाचायचा आणि लेखी अभिप्राय दिला की त्याला एक शिलिंग मिळायचा. त्या ऑक्टोबरात त्याच्या हाती पडलेलं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या टॉल्किन नावाच्या प्राध्यापकाचं होतं. पुस्तकाचं नाव ‘द हॉबिट’. रेनरने जेमतेम एक परिच्छेद लिहिला, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. बिळात आरामात राहणारा, कधी कुठल्या साहसाला न जाणारा बिल्बो एकदाचा कसा घराबाहेर पडला आणि पुढे काय काय झालं, हे थोडक्यात सांगून टाकलं. मग म्हणाला, नकाशे आहेत तेव्हा चित्रांची काही गरज नाही. पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा! म्हणजे आपण आता त्या वयातले नाही, हेही साहेबांनी जाता जाता सुचवून घेतलं. पुढच्या सप्टेंबरात पुस्तक आलं. चित्रांच्या बाबतीत मात्र रेनरचं कुणी ऐकलं नाही. टॉल्किनने स्वतः काढलेली चित्रं आत छापली गेली.

मला विचारशील तर त्या अभिप्रायातलं खरं सोनं नकाशाच्या वाक्यात आहे. पुस्तक चांगलं आहे हे कुणीही म्हणेल. नकाशे पुरेसे आहेत हे वाचताना नकाशावर बोट फिरवणाराच म्हणू शकतो. पोराने पुस्तक कसं वाचलं ते त्या एका वाक्यातून दिसतं. आणि कुणाला आवडेल हे त्याने मोकळेपणाने सांगितलं. ‘प्रत्येकाने वाचावं’ म्हणून सगळ्यांच्या गळ्यात मारलं नाही. हाच रेनर मोठेपणी वडिलांच्या प्रकाशनसंस्थेत आला. टॉल्किनच्या पुढच्या, भल्या थोरल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये हजार पौंडांचा तोटा होईल असा अंदाज होता, तरी ते काढायचंच असा आग्रह त्याने धरला. १९५४-५५ मध्ये ते तीन भागांत आलं.

आता तू म्हणशील, एका परिच्छेदात रेनरचं भागलं, मग मी दोन पानं का लिहू? नको लिहूस. एक परिच्छेद चालेल. फक्त त्यात एक तरी वाक्य असं हवं, जे पुस्तक न वाचता लिहिता येणार नाही.

असं वाक्य सुचत नसेल तर वेताळाला मदतीला घे. ‘कथासरित्सागरा’तला हा वेताळ आपल्याकडे ‘चांदोबा’मुळे घरोघर पोचला. गोष्ट संपल्यावर तो राजाला काय विचारतो, आठव बरं. ‘गोष्ट आवडली का?’ असं तो एकदाही विचारत नाही. तो विचारतो की या तिघांपैकी त्या मुलीवर खरा हक्क कुणाचा? राजा चुकला, की प्रधान? त्याग मोठा कुणाचा? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, ही धमकी वर. आणि राजाही नुसतं नाव घेऊन थांबत नाही, कारण देतो. साहसाच्या आणि अद्भुताच्या पुस्तकांना हे प्रश्न फार लागू पडतात, कारण तिथे दर दहा पानांनी कुणीतरी कुणालातरी सोडून पळतं, वाचवतं, नाहीतर फसवतं. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला चाचा, लाँग जॉन सिल्व्हर घे. गोष्टीचा नायक असलेल्या जिम या पोराशी तो गोड बोलतो, दुसऱ्यांचे मुडदे पाडतो, बाजू बदलतो, पुन्हा बदलतो, पण चाचे जिमला मारायला उठतात तेव्हा त्याला वाचवतोही. चांगला की वाईट? असं विचारलंस की दोन मिनिटांत वाद संपतो. जिमने त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा होता का, असं विचार. संध्याकाळ पुरणार नाही.

त्याच पुस्तकातला सफरचंदाच्या पिंपाचा प्रसंग जरा जवळून बघ. जहाजावर जिमला सफरचंद खावंसं वाटतं. पिंप जवळजवळ रिकामं झालेलं, म्हणून तो आतच उतरतो. अंधार, लाटांचा आवाज, जहाजाचं हेलकावणं, त्याला डुलकी लागायला आलेली. तेवढ्यात कुणीतरी पिंपाला टेकून बसतं आणि बोलायला लागतं. तो सिल्व्हर असतो, आणि बंडाचा बेत सांगत असतो. आता यावर ‘अंगावर काटा आला’ असं लिहिता येईल. मी असं लिहीन: ‘इथे लेखकाने जिमला हलू दिलं नाही, म्हणून मीही हलले नाही. आणि धोका तलवारीतून आला नाही, सफरचंदाच्या पिंपातून आला.’ माझं वाक्य उचलू नकोस. फक्त ते कसं बनलं ते बघ. काटा कुठे आला आणि तो लेखकाने कसा आणला, एवढंच त्यात आहे.

या पुस्तकाचा जन्मही गमतीचा आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पावसाने सगळ्यांना घरात कोंडलं होतं. स्टीव्हन्सनचा सावत्र मुलगा लॉइड चित्रं रंगवत बसायचा. त्याच्या जोडीला बसून स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून गोष्ट सुरू झाली. रोज लिहिलेलं घरात वाचून दाखवायचं. स्टीव्हन्सनचे वडील इतके रंगले, की गोष्टीतल्या बिली बोन्स या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावं याची यादी त्यांनीच करून दिली. लॉइडची अट होती की गोष्टीत बायका नकोत. आणि खरंच, सुरुवातीची जिमची आई सोडली तर पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच. म्हणजे वाचकाने आधीच मत दिलं आणि पुस्तक तसं घडलं. आता तू मुलगी म्हणून ते वाचशील तेव्हा ही गोष्ट तुला खटकेल किंवा खटकणारही नाही. खटकली तर बिनधास्त लिही; लॉइडला मत असू शकतं तर तुलाही आहे. नाही खटकली तर उगाच खटकल्यासारखं दाखवू नकोस.

नकाशाची गोष्ट अजून संपली नाही. पुस्तक छापायच्या वेळी तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवताना गहाळ झाला. स्टीव्हन्सनला आपलंच पुस्तक पुढ्यात घेऊन, त्यातले सगळे उल्लेख तपासून, नव्याने नकाशा बेतावा लागला. तो त्याला कधी आपला वाटला नाही म्हणे. हा उद्योग तू कुठल्याही साहसकथेवर करून बघ. नकाशा नसेल तर मजकुरावरून स्वतः काढ. किल्ला नदीच्या अलीकडे की पलीकडे? जंगल ओलांडायला जाताना तीन दिवस लागले, मग परत येताना एका रात्रीत कसे पोचले? नकाशा जमला तर लेखकाने जग नीट उभं केलंय. जिथे पेन्सिल अडली तिथे तुझ्या मतातला पहिला मुद्दा मिळाला.

जादूचंही तसंच. ‘काय भारी जादू आहे’ याने काही कळत नाही. ती जादू काय करू शकत नाही, ते शोध. बिल्बोला सापडलेली अंगठी घातली की माणूस दिसेनासा होतो, पण लख्ख उन्हात त्याची सावली मात्र पुसट दिसते. एवढीशी उणीव! आणि त्या एका सावलीपायी तो गोब्लिनांच्या दारात सापडता सापडता वाचतो, फटीतून अंग काढताना कोटाची पितळी बटणं तुटून उडतात. सावलीही पडली नसती तर तो दारातून रमतगमत बाहेर आला असता आणि आपण जांभई दिली असती. तुझ्या ड्रॅगनच्या पुस्तकात ती म्हातारी चेटकीण शेवटच्या लढाईत येऊन एका मंत्रात सगळं निस्तरते. मग हा मंत्र तिला दुसऱ्या प्रकरणात का आठवला नाही? पुस्तकात याचं उत्तर असेल तर दाखव. नसेल तर तेही सांग. आवडत्या पुस्तकाची चूक दाखवली म्हणून प्रेम आटत नाही.

आणि जादू नसली तरी साहस अडत नाही, हे आपल्याला भा. रा. भागवतांनी दाखवून दिलंय. फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात आलेला, काडीपैलवान फास्टर फेणे. त्याच्याकडे ना अंगठी ना मंत्र. सायकल, पाय, डोकं आणि तो ‘ट्टॉक’. फ्रेंच विज्ञान-साहसकथाकार ज्यूल व्हर्नला मराठीत आणणारेही हेच भागवत, त्यामुळे साहसात किती खरं ठेवायचं आणि किती सोडायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या वाचक मंडळातली मुलं फेणेबद्दल हमखास म्हणतात, ‘मोबाइल असता तर ही गोष्ट दोन पानांत संपली असती.’ बरोबर आहे. पण तिथे थांबू नये. मग आज हीच गोष्ट लिहायची तर लेखकाला कुठली अडचण उभी करावी लागेल? २०१७ च्या सिनेमाने त्याला मोठा करून आजच्या पुण्यात आणलं, मोबाइल असूनही धावायला लावलंच. ते जमलं की नाही, यावर तुझं आणि माझं एकदा भांडण व्हायचंय.

मोठ्या माणसांचं फार मनावर घेऊ नकोस. ‘काय हे राक्षस-चेटकिणी वाचत बसतेस, जरा चरित्रं वाच’ असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ ची. मराठी कादंबरी अजून रांगत होती तेव्हापासून अद्भुत तिच्या सोबतीला आहे. काकांना हे ऐकवू नकोस, नुसतं मनात ठेव. चरित्रंही वाच, पण काकांनी सांगितलं म्हणून नव्हे.

दोन बारीकसारीक गोष्टी. शेवट फोडायचा नाही. सांगणं अगदीच भाग असेल तर आधी सूचना दे, म्हणजे ज्याला वाचायचंय तो तिथेच थांबेल. आणि अनुवाद वाचला असशील तर अनुवादकाचं नाव लिहायचं. ते कव्हरवर बारीक अक्षरात असतं, कधीकधी नसतंच, मग आतल्या पानावर शोध. पाचशे पानं त्या माणसाच्या मराठीत वाचायची आणि त्याचं नावही माहीत नसावं, हे मला पटत नाही.

येत्या शनिवारी पाचला ये. ज्या मुलाने हेच पुस्तक साठाव्या पानावर सोडून दिलं तोही येणार आहे. ‘तू पुढे वाचलंच नाहीस, तुला काय कळणार’ असं त्याला म्हणायचं नाही. कुठल्या पानावर सोडलं आणि त्या पानावर काय होतं, एवढं त्याला विचार. मी ते पान पाहिलंय; सात नावं, चार राज्यं आणि एक वंशावळ. त्याच्या जागी मीही कदाचित सोडलं असतं. तू ते कसं पार केलंस, की सरळ उडी मारलीस? उडी मारली असशील तर सांगून टाक, त्याला ते ऐकायला आवडेल.

त्याचं ऐकून झाल्यावर टिपण नव्याने लिही. आणि येताना पुस्तक घेऊन ये, मुदत उलटून आठवडा झालाय. दंड मी भरणार नाही.

तुझी,
वाचनालयातली मावशी