बरोक दर्शनी भागामागचे रोमानेस्क मंदिर

प्रश्न : स्पेनमधील सान्तियागो दे कॉम्पोस्तेलाचे कॅथेड्रल रोमानेस्क (जाड भिंती व अर्धगोल कमानींच्या मध्ययुगीन) शैलीचे म्हणून ओळखले जाते, छायाचित्रांत मात्र ते बरोक (नंतरच्या काळातील अलंकारप्रचुर शैलीचे) दिसते. असे का?

उत्तर : छायाचित्रांत बहुधा ओब्रादोइरो चौकाकडील दर्शनी भाग असतो आणि तो फेर्नान्दो दे कासास नोव्होआ या वास्तुकाराने अठराव्या शतकात उभारला. मूळ मंदिराचे बांधकाम 1075 च्या सुमारास सुरू होऊन 1211 मध्ये त्याचा अभिषेक झाला. बरोक दर्शनी भागामागेच मातेओ या शिल्पकाराचे ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ हे ग्रॅनाइटचे प्रवेशद्वार असून त्याच्या तुळयांवर 1188 हे वर्ष कोरलेले आहे. नव्या बांधकामाने जुने झाकले, अशी तक्रार काही जण करतात; परंतु गॅलिसिया या वायव्य स्पेनमधील प्रदेशाच्या पावसाळी हवेत त्या शिल्पांना आणि त्यांवरील रंगांच्या अवशेषांना याच भिंतीने आडोसा दिला, हे विसरून चालणार नाही. जुनी शैली बाहेरून पाहावयाची असल्यास दक्षिणेकडील प्लातेरियास द्वार गाठावे.

आतील रचना यात्रेकरूंच्या गर्दीचा विचार करूनच केलेली आहे : बाजूच्या दालनांतून निघून मुख्य वेदीमागील प्रदक्षिणामार्गाने फिरता येते, त्यामुळे मधल्या दालनातील उपासनेत व्यत्यय येत नाही. वेदीखालील तळघरात येशूच्या बारा शिष्यांपैकी संत याकोबाच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींची चांदीची पेटी आहे. आठ सेवक दोराने झुलवतात ते प्रसिद्ध भव्य धूपपात्र रोजच्या उपासनेत नसते. ते प्रामुख्याने ठरावीक सणांना झुलवले जाते.