स्पीकरच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं नाव पुरस्कारासाठी सुचवताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या राज्याच्या हाउस स्पीकरच्या (म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांच्या) ऑफिसातल्या डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ या अधिवेशनानंतर निवृत्त होताहेत आणि त्यांचं नाव एनसीएसएलच्या स्टाफ पुरस्कारासाठी पाठवायचं तुमच्या मनात आहे. पण पत्र लिहायला बसलात की ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांना मदत करणाऱ्या’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. बिलं सगळी आमदारांच्या नावावर, मग यांचं म्हणून काय दाखवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी बारा वर्षं अमेरिकेतल्या एका राज्याच्या सिनेटमध्ये मेजॉरिटी लीडरच्या, म्हणजे बहुमतातल्या पक्षाच्या नेत्याच्या, ऑफिसात होते. अशी पत्रं मी लिहिलीही आहेत आणि आमच्या सभागृहाच्या कर्मचारी गौरव समितीवर असताना ढिगाने वाचलीही आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एनसीएसएल, म्हणजे नॅशनल कॉन्फरन्स ऑफ स्टेट लेजिस्लेचर्स, ही अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांची 1975 साली स्थापन झालेली संघटना. ती जितकी आमदारांची आहे तितकीच कर्मचाऱ्यांचीही. कामाच्या स्वरूपानुसार तिच्यात कर्मचाऱ्यांच्या नऊ व्यावसायिक संघटना आहेत: सभागृहाचे क्लार्क आणि सेक्रेटरी, ग्रंथपाल, अर्थसंकल्पवाले, आयटी, सुरक्षा वगैरे. त्यातली एक नेत्यांच्या ऑफिसातल्या स्टाफची. ‘लेजिस्लेटिव्ह स्टाफ अचीव्हमेंट’ पुरस्कार या संघटनांमार्फत दिले जातात. निकष आणि मुदत काय आहे ते संघटनेकडून आधी मागवून घ्या.

आता तुमची खरी अडचण. निःपक्ष, म्हणजे कुठल्याच पक्षासाठी नव्हे तर सगळ्या सभागृहासाठी काम करणाऱ्या, स्टाफचं काम कागदावर उरतं. बिलाचा मसुदा, खर्चाचा अंदाज, ऑडिटचा अहवाल, काहीतरी हातात धरता येतं. विस्कॉन्सिनमध्ये 1901 साली चार्ल्स मॅकार्थींनी विधिमंडळासाठी संदर्भ ग्रंथालय उभं केलं, आणि त्यातून वाढलेली संस्था आजही काम करते आहे. नेत्याच्या ऑफिसातल्या माणसाचं तसं नसतं. तो मतं मोजतो, कुठलं बिल कधी फ्लोअरवर, म्हणजे सभागृहात चर्चेला, घ्यायचं हे ठरवायला मदत करतो, रुसलेल्या आमदाराच्या खोलीत जाऊन तासभर बसतो, आणि नेत्याला बंद दाराआड ‘हे करू नका’ असं सांगतो. यातलं काहीच कामकाजाच्या नोंदीत येत नाही. हे काम सगळ्यात चांगलं होतं त्या दिवशी बाहेर काहीच घडल्यासारखं वाटत नाही, आणि म्हणूनच पत्र लिहायला बसलं की हात रिकामे वाटतात.

एक उदाहरण देते. आमच्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंसाठी मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ‘अर्थसंकल्प मंजूर होण्यात मोलाचा वाटा’ असं वाक्य टाकलं होतं. पत्र मागे पडलं, आणि ते योग्यच होतं, कारण ते वाक्य कुणाबद्दलही लिहिता आलं असतं. पुढच्या वर्षी मी एकच रात्र लिहिली. अधिवेशनाचा शेवटचा दिवस, रात्री दोन वाजता आलेली अमेंडमेंट. सगळे थकलेले. बाईंनी ती ओळीने वाचली आणि एका कलमाचा क्रमांक बदलल्याने ग्रामीण भागातल्या अँब्युलन्स सेवेचा निधी गळतोय हे त्यांच्या लक्षात आलं. दुरुस्तीला विरोधी पक्षाची संमती लागणार होती. त्यांनी मायनॉरिटी लीडरच्या (विरोधी पक्षाच्या नेत्याच्या) ऑफिसात आपल्यासारखंच काम करणाऱ्या माणसाला फोन लावला, आणि वीस मिनिटांत दुरुस्ती सर्वानुमते झाली. समोरच्याने ती वाचण्याआधीच होकार दिला होता, कारण नऊ वर्षांत बाईंनी त्याला एकदाही फसवलं नव्हतं. ही नऊ वर्षं त्या वीस मिनिटांत दिसली. ते पत्र निवडलं गेलं.

तेव्हा विशेषणं शोधू नका, एक दिवस शोधा. त्या नसत्या तर काय झालं असतं, हे ज्या दिवसाबद्दल सांगता येईल तो दिवस. तो तुम्हाला एकटीला आठवणार नाही. क्लार्कच्या ऑफिसात विचारा, बिलांचे मसुदे करणाऱ्या वकिलांना विचारा, सार्जंट-ॲट-आर्म्सच्या, म्हणजे सभागृहाची सुरक्षा आणि शिस्त सांभाळणाऱ्या, माणसांना विचारा. आणि आवर्जून विरोधी पक्षाच्या ऑफिसात विचारा. स्पीकरच्या सहीचं शिफारसपत्र तर येईलच, पण समोरच्या बाकावरच्या स्टाफने लिहिलेल्या चार ओळींचं वजन माझ्या लेखी त्याहून जास्त आहे. पक्षाच्या माणसाने स्वतःच्या पक्षाकडून शाबासकी मिळवणं तितकं कठीण नाही.

तुमच्या राज्यात आमदारांना मुदतमर्यादा (किती वर्षं आमदार राहता येतं याची मर्यादा) असेल तर तो धागा सोडू नका. सध्या 16 राज्यांत ती आहे. कॅलिफोर्नियात आयुष्यभरात 12 वर्षं, फ्लोरिडात एका सभागृहात सलग 8. अशा ठिकाणी स्पीकर स्वतःच सभागृहात तुलनेने नवा असतो, आणि मागच्या वेळी ही वाट का सोडून दिली होती हे सांगायला स्टाफमधलं जुनं माणूसच उरतं. तुमच्या बाईंनी किती स्पीकर पाहिले, किती नव्या आमदारांना फ्लोअरचे नियम शिकवले, हे मोजून आकड्यात लिहा.

काय लिहायचं नाही हेही सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. कॉकसच्या, म्हणजे पक्षाच्या आमदारांच्या बैठकीच्या, बंद खोलीतलं बोलणं पत्रात आणू नका, कितीही बोलकं असलं तरी. प्रसंग निवडलात की ज्या नेत्याच्या काळातला असेल त्याला आधी दाखवा. निवडणुकीच्या प्रचाराचा उल्लेख तर नकोच. सरकारी नोकरी आणि प्रचार वेगळे ठेवण्याचे नियम असतात, आणि कौतुकाच्या भरात लिहिलेलं एक वाक्य निवृत्त होणाऱ्या बाईंना अडचणीत आणू शकतं.

आपल्याकडचा विचार आला म्हणून लिहिते. राज्यघटनेच्या 187व्या कलमाने राज्याच्या विधिमंडळाला स्वतंत्र सचिवालय दिलंय, त्यामुळे मुंबईत विधान भवनातला अधिकारी अध्यक्ष बदलले तरी टिकतो. अमेरिकेतल्या लीडरशिप स्टाफशी (नेत्यांच्या ऑफिसातल्या स्टाफशी) जास्त जुळतात ते आपल्याकडचे मंत्र्यांचे स्वीय सहायक आणि विशेष कार्य अधिकारी. नेता गेला की खुर्ची गेली. उत्कृष्ट संसदपटूचा सन्मान आमदाराला मिळतो आणि तो मिळायलाच हवा, पण ते भाषण उभं राहावं म्हणून रात्रभर आकडे जुळवणाऱ्याचं नाव मी कधी फारसं ऐकलं नाही.

एनसीएसएलच्या पुरस्कारावर सगळं अवलंबूनही ठेवू नका. सभागृहात गौरवाचा ठराव मांडायला लावा. एरवी कडेला उभं राहणाऱ्या माणसाला पुढे बोलावून ठराव वाचला जातो आणि दोन्ही बाजूंचे आमदार उभे राहून टाळ्या वाजवतात, तेव्हा डोळे भरून येतात. मी पाहिलंय. आणि नोकरीत मागे राहिलेल्यांचा खरा गौरव म्हणजे अधिवेशनातल्या जादा तासांची भरपाई, पगार, रजा. ओरेगॉनच्या विधिमंडळातल्या सहायकांनी 2021 मध्ये युनियन केली, कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये तसा हक्क देणारा कायदा केला, ते उगाच नाही. सत्कार करून दुसऱ्या दिवशी सुट्टी नाकारणं मला अजिबात पटत नाही.

तुमच्या हातात वेळ कमी आहे. सभागृह साइन डाय झालं, म्हणजे अधिवेशन कायमचं संपलं, की माणसं पांगतात. फ्लोरिडात त्या दिवशी दोन्ही सभागृहांचे सार्जंट समोरासमोर उभे राहून एकाच क्षणी हातरुमाल खाली टाकतात. तुमच्याकडे जी काही रीत असेल तिच्या आधी निदान पाच जणांशी बोलून घ्या. पहिला फोन मायनॉरिटी लीडरच्या ऑफिसात करा.